करारातली एक जादा अट

संस्थेला पैसे देण्याआधी आम्ही कागद बघतो. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, प्राप्तिकराची 12ए आणि 80जी प्रमाणपत्रं, 1 एप्रिल 2021 पासून लागणारा सीएसआर-1 चा नंबर, ऑडिट झालेले तीन वर्षांचे ताळेबंद, विश्वस्तांची यादी. मग साइट व्हिजिट, मग कमिटीपुढे टिपण, मग एमओयू, म्हणजे करार. चाकण पट्ट्यातल्या एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागात मी हे काम करते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ज्या कंपन्यांना सीएसआर लागू होतो त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करावी लागते. ती रक्कम माणसांपर्यंत नीट पोचते की नाही, हे बघण्याचा मला पगार मिळतो.

कागदांच्या या ढिगात एक प्रश्न मात्र कुठेच नव्हता: दारात आलेल्या कुणाला तुम्ही परत पाठवता का? लाभार्थी किती, हे सगळेच विचारतात. परत गेलेल्या माणसाची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही, मग अहवालात तो कुठून येणार?

पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे. चांगला आहे, हे आधीच सांगते. अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलतात आणि वेळ खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर लिहितात. मी गेले तेव्हा तिथल्या एक मावशी एका आजोबांच्या पायाची नखं कापत होत्या. आधी कोमट पाण्यात पाय भिजवलेले, मग एकेक बोट हातात धरून, कडेची कातडी न दुखवता. मधुमेहाच्या माणसाच्या पायाला जखम झाली तर ती लवकर भरत नाही, हे त्यांना कुणीतरी नीट शिकवलेलं होतं. पैसे द्यावेत असं वाटायला मला एवढं पुरतं.

ऑफिसात प्रवेशाचा फॉर्म मागितला. मागच्या बाजूला नियम छापलेले होते. संसर्गजन्य आजार असलेल्यांना प्रवेश नाही, व्यसनी व्यक्तींना प्रवेश नाही, वगैरे. असं बहुतेक ठिकाणी असतं. पण शेवटच्या नियमाखाली निळ्या बॉलपेननं आणखी एक ओळ लिहिलेली होती, ‘तृतीयपंथी यांना प्रवेश दिला जाणार नाही’, आणि शेजारी संस्थेचा गोल शिक्का. फॉर्म छापला तेव्हा हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. हातानं लिहायची वेळ आली म्हणजे कुणीतरी येऊन गेलेलं असणार. व्यवस्थापकांना विचारलं, कोण आलं होतं?

त्यांनी काहीही लपवलं नाही. आदल्या पावसाळ्यात दोघी जणी रिक्षातून आपल्या म्हाताऱ्या गुरूला घेऊन आल्या होत्या. अर्धांगवायूनं डावी बाजू गेलेली. महिन्याचे पैसे आगाऊ भरायची तयारी होती. “व्हरांड्यात बसवलं, चहा दिला, जेवायला वाढलं. उपाशी नाही पाठवलं मॅडम,” ते म्हणाले. “पण ठेवायचं कुठे? बायकांच्यात ठेवलं तर बायका ओरडणार, पुरुषांच्यात ठेवलं तर कसं दिसणार. उद्या नातेवाईक आपापली माणसं काढून न्यायला लागले तर?” पुढच्याच बैठकीत विश्वस्तांनी ठराव केला आणि ती ओळ फॉर्मवर आली.

हा माणूस दुष्ट नाही. करोनाच्या पहिल्या लाटेत घरी न जाता तो म्हाताऱ्यांसोबत आश्रमातच राहिला होता. म्हणूनच प्रकरण अवघड होतं. भेदभाव करणारी संस्था म्हटलं की डोळ्यांसमोर कुणीतरी कडवट, शिव्या घालणारी माणसं येतात. माझ्या कामात मला तशी माणसं जवळजवळ भेटलेली नाहीत. मला भेटतात ती चहा देऊन परत पाठवणारी.

तिथून पुढे मी संस्थांना तोंडी विचारायला लागले. कामकरी महिलांची वसतिगृहं, रात्रनिवारे, शिलाईचे आणि नर्सिंगचे प्रशिक्षणवर्ग. ‘नाही घेत’ असं सरळ कमी जण सांगतात. बहुतेकांचं उत्तर, ‘आमच्याकडे तसं कुणी येतच नाही.’ आपल्याला घेणार नाहीत हे ज्यांना ठाऊक असतं ते रिक्षाचं भाडं कशाला घालवतील?

पैसे द्यावेत की नाही, हा वाद आमच्या सीएसआर कमिटीत चांगलाच रंगला. आत असलेल्या म्हाताऱ्यांचा काय दोष, हा पहिला मुद्दा. तो खोटा नाही. आम्ही रात्रपाळीच्या नर्सचा पगार देणार होतो. तो दिला नाही तर त्या आजोबांच्या पायाकडे रात्री कोण बघणार? या मुद्द्याला उत्तर आहे असा आव मी आणणार नाही. पण एक गोष्ट मला तिथे बोलावी लागली. ‘संस्था इतकं चांगलं काम करते, एका गोष्टीवरून कशाला अडायचं’ असं म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या आईला तिथे खाट मिळाली असती. ज्यांना मिळाली नसती त्यांच्यापैकी कुणीही त्या टेबलाशी बसलेलं नव्हतं. त्यांच्या वाटणीची तडजोड आम्ही परस्पर करून टाकत होतो.

आणि खाटेची गरज कुणाला जास्त, हेही बघायला हवं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 40,891 जणांची नोंद स्त्री किंवा पुरुष नव्हे तर ‘इतर’ अशी झाली. ज्यांनी तसं सांगितलं नाही ते या आकड्यात नाहीत. यातल्या कितीतरी जणांचं घर कोवळ्या वयातच सुटतं. शाळा सुटते, वडिलांच्या जमिनीत वाटा मिळत नाही, म्हातारपणी बघायला पोटची मुलं नसतात. गुरूला चेले सांभाळतात, आणि मी पाहिलंय, फार मनापासून सांभाळतात. पण मंगती (मागून आणलेले पैसे) आणि बधाई (लग्न-बारशाला मिळणारी ओवाळणी) यांवर चालणाऱ्या घरात कायमचं आजारी माणूस असलं की एकीला त्याच्यापाशी थांबावं लागतं, आणि तिची त्या दिवसाची कमाई जाते. केंद्र सरकारनं 2020 पासून तृतीयपंथी व्यक्तींच्या निवाऱ्यासाठी गरिमा गृहं सुरू केली, पण एका घरात साधारण 25 जणांची सोय. त्यामुळे गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमानं निळ्या पेननं लिहिलेली ओळ छोटी नसते. त्या गुरूपुढे तसंही दुसरं दार नव्हतं.

दुसरा मुद्दा आमच्या एका ज्येष्ठ संचालकांनी मांडला. अट घालून दिलं तर ते दान कसलं, तो तर सौदा झाला, असं ते म्हणाले. मनानं उदार माणूस, त्यांनी स्वतःच्या खिशातून कितीतरी मुलांच्या फिया भरल्यात. मी एमओयूचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. खर्चाचा तिमाही हिशेब हवा, ही अट. लहान मुलांबरोबर काम असेल तर बालसंरक्षणाचं धोरण हवं, ही अट. 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्धची तक्रार समिती हवी, ही अट. आणि कंपनीचं नाव फलकावर केवढ्या आकारात, लोगो कुठल्या रंगात, ॲम्ब्युलन्सच्या कुठल्या बाजूला, हे सांगणारं तर अख्खं परिशिष्ट. नावाच्या अक्षरांची उंची आपण ठरवून देतो, आणि दारातून कुणाला हाकलू नका एवढं सांगायला संकोचतो?

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लिही. पण भाषा नीट लिही. त्यांना अपमान वाटता कामा नये.”

काम सोपं केलं ते कायद्यानं, हेही खरं. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा 2019 चा कायदा कलम 3 मध्ये भेदभावाला मनाई करतो. शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा, राहायची जागा, लोकांसाठी खुल्या असलेल्या सेवा, सगळं त्यात येतं. आणि या कायद्यातल्या आस्थापनेच्या व्याख्येत कंपनीबरोबर न्यास आणि संस्थाही आहेत. कायद्यानं मना केलेल्या गोष्टीला कंपनीचा पैसा जातोय, एवढं वाक्य टिपणात आलं आणि फायनान्सचे साहेब एकदम सावध झाले. करुणेनं जे महिनाभर हललं नव्हतं ते एका कलमानं एका बैठकीत हललं. मला त्याचं वाईट वाटत नाही. कायदे त्यासाठीच असतात.

कुणी म्हणेल, पैशाच्या जोरावर संस्थांची मनं बदलायला जाणं बरोबर नाही. पण पैसा या भांडणात आधीपासूनच आहे, आणि बहुतेक वेळा दार बंद ठेवणाऱ्यांच्या बाजूनं. अमेरिकेतल्या ‘वर्ल्ड व्हिजन’ या ख्रिस्ती मदतसंस्थेचं उदाहरण मला नेहमी आठवतं. मार्च 2014 मध्ये या संस्थेच्या अमेरिकी शाखेनं जाहीर केलं की समलिंगी विवाह केलेल्या ख्रिस्ती व्यक्तींनाही आम्ही नोकरीवर घेऊ. दोनच दिवसांत त्यांना निर्णय फिरवावा लागला, कारण हजारो देणगीदारांनी गरीब देशांतल्या मुलांना दिलेला आधार काढून घेतला होता. ऑफिसातल्या माणसाचं लग्न पटत नाही म्हणून तिकडे दूरच्या कुठल्याशा मुलाचे पैसे बंद! त्या लोकांनी मुलांना ओलीस धरलं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि म्हणूनच आपण अट घालताना तेच हत्यार उलट्या हातानं वापरायचं नाही, हेही मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

तेव्हा आम्ही ठरवलेली रीत अशी. नवा पैसा द्यायच्या आधी विचारायचं, लेखी उत्तर घ्यायचं, आणि नकार असेल तर द्यायचा नाही. पण चालू करार वर्षाच्या मध्ये मोडायचा नाही. माणसाच्या ताटात, औषधात, शाळेत जाणारा पैसा ठरल्या मुदतीपर्यंत जाणार. थांबवायचा तो इमारतीचा, गाडीचा, कार्यक्रमांचा पैसा. विश्वस्तांना झळ लागली पाहिजे, आतल्या माणसाला नाही. कागदावर हे सोपं दिसतं. त्याची परीक्षा मराठवाड्यातल्या एका वसतिगृहावरून झाली.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचं ते वसतिगृह. दिवाळीच्या सुमाराला आईबाप कारखान्यांकडे निघाले की मुलांची शाळा बुडते. गावातच राहायची सोय झाली तर वाचते. आम्ही कितीतरी वर्षं तिथे पैसे देत होतो आणि मला त्या कामाचा अभिमान होता. तिथला रेक्टर तरुण होता, रात्री मुलांचा अभ्यास घ्यायचा, मुलं त्याला दादा म्हणायची. एका हंगामात गेले तर तो दिसला नाही. ‘घरची अडचण होती’ असं सांगितलं गेलं. पुण्यात त्याची गाठ पडली तेव्हा खरं कळलं. कुणीतरी त्याचा फोन बघितला, तो समलिंगी आहे हे संस्थेला समजलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. त्याच्याविरुद्ध एका मुलाची, एका पालकाची तक्रार नव्हती. संस्थेचे सचिव मला म्हणाले, “मुलांच्या हिताचा प्रश्न आहे.” मुलांच्या हितासाठी बालसंरक्षणाचं धोरण आहे, ते गे आणि बाकी सगळ्यांना सारखंच लागू होतं, आणि त्या धोरणाखाली त्याच्यावर बोट ठेवायला कुणाला काही सापडलेलं नव्हतं. तो कोण आहे, एवढंच सापडलं होतं.

इथे आमच्या मदतीला कलम नव्हतं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं 377 कलमाच्या जाचातून सुटका केली. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा म्हणणं थांबलं. पण समलिंगी आहे म्हणून खासगी संस्थेनं नोकरीवरून काढलं तर दाद मागायला 2019 च्या कायद्यासारखा कायदा नाही. मानसिक आरोग्यसेवेच्या 2017 च्या कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव करू नये असं म्हटलंय, पण ते त्या सेवेपुरतं. हे कमिटीला समजावताना माझी फार दमछाक झाली. ‘मग बेकायदेशीर काय केलं त्यांनी?’ या प्रश्नाला, ‘बेकायदेशीर नाही, अन्याय आहे’ एवढंच उत्तर माझ्यापाशी होतं.

काय करायचं हे ठरवण्याआधी त्या तरुण रेक्टरला विचारणं भाग होतं. आम्ही पैसे थांबवले असते तर कारण गावभर झालं असतं, आणि त्याच्या घरी काहीही माहीत नव्हतं. त्याच्या नावावर आम्ही तत्त्वाची लढाई लढायची आणि त्याची किंमत त्याच्या आईनं मोजायची, हे मला मान्य नव्हतं. तो म्हणाला, “मॅडम, माझं नाव कुठे येऊ देऊ नका. मुलांचं जेवण तर अजिबात बंद करू नका, तिथली निम्मी पोरं घरी परत गेली तर कोयता हातात घेतील. फक्त पुढच्या रेक्टरला असं एका रात्रीत घालवता येऊ नये, असं काहीतरी लिहून घ्या.” आम्ही तसंच केलं. मुलांचा दरडोई खर्च चालू ठेवला. दुसऱ्या मजल्याच्या बांधकामाचे पैसे मात्र नोकरभरतीचं लेखी धोरण येईपर्यंत अडवले. लिंगभाव किंवा लैंगिक कल यावरून कुणाला काढायचं नाही, आणि काढायचं तर कारण लेखी द्यायचं, असं त्यात हवं होतं. बांधकामाच्या लोखंडाला गंज चढायला लागला तेव्हा धोरण आलं. सचिवांचं मन बदललंय असं मी म्हणणार नाही. त्यांची सही मात्र कागदावर आहे. त्या तरुणाला त्याची नोकरी परत मिळाली नाही.

रक्तदान शिबिराचं प्रकरण वेगळं. वर्धापनदिनाला कंपनीत दरवर्षी शिबिर असतं. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं 2022 मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून घेतलं, त्यानंतर आमच्या कंत्राटदारानंही दोघींना घेतलं. त्यातली एक शिबिरात रांगेला उभी राहिली आणि टेबलापाशी थांबवली गेली. इथे रक्तपेढीची मनमानी नव्हती. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तृतीयपंथी व्यक्ती आणि पुरुषांशी संबंध असलेले पुरुष यांना रक्तदान कायमचं वर्ज्य आहे. 2021 मध्ये याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. खरं तर दान आलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, बी आणि सी प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होतेच. ब्रिटननं 2021 मध्ये आणि अमेरिकेनं 2023 मध्ये समलिंगी पुरुषांवरचे सरसकट निर्बंध काढून प्रत्येक दात्याला त्याच्या वागण्याबद्दल सारखेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. आपल्याकडे अजून माणूस कोण आहे ते बघतात, तो कसा वागतो हे नाही.

शिबिर बंद करावं का? थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, ते कुठून आणायचं? शिबिर आम्ही चालू ठेवलं. वृद्धाश्रमातली ओळ विश्वस्तांनी स्वतः लिहिली होती, ती ते पुसू शकत होते. रक्तपेढीच्या डॉक्टरांच्या हातात ते नव्हतं. ज्याच्या हातात नियम आहे त्याच्याकडे दाद मागायची, म्हणून कंपनीच्या लेटरहेडवर परिषदेला पत्र गेलं. सुरक्षारक्षक ताईंना एचआरच्या कुणीतरी चांगल्या हेतूनं सुचवलं की तुम्ही नोंदणीच्या टेबलावर बसा. त्या म्हणाल्या, “रक्त चालत नाही, आणि टोकन वाटायला मी चालते का?” त्या बसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं.

वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांनी आमची अट नाकारली. पत्र सभ्य होतं, आमच्या भावनांचा आदर वगैरे. थोड्याच काळात दुसऱ्या एका कंपनीनं नर्सचा पगार द्यायला सुरुवात केली. बहुतेक त्या फॉर्मची मागची बाजू न बघताच. म्हणजे आजोबांच्या पायाची काळजी घेतली जातेय, याचं मला मनापासून समाधान आहे. ओळ पुसली गेली नाही, याचा रागही तेवढाच आहे. ‘तुम्ही नाही तर दुसरे देतात, मग तुमच्या न देण्यानं काय झालं?’ असं कमिटीत मला विचारलं गेलं. एवढं झालं की आमच्या पैशानं ते झालं नाही. आणि विश्वस्तांपैकी एक निवृत्त मुख्याध्यापक अजून मला फोन करतात, प्रत्येक वार्षिक सभेत तो विषय काढतात, आणि हरले की कळवतात.

वृद्धाश्रमासाठी ठेवलेली रक्कम आम्ही तृतीयपंथी समाजातल्याच एका संस्थेला दिली. वस्त्यांमधल्या आजारी, म्हाताऱ्या गुरूंसाठी घरी येणारी केअरटेकर, डायपर, हवेच्या गाद्या, दवाखान्याची रिक्षा. तिथे कळलं की बऱ्याच जणींना वृद्धाश्रमात जायचंच नाही. आपल्या चेल्यांच्यात, आपल्या देव्हाऱ्याजवळच शेवटचे दिवस काढायचेत. हे ऐकून एक साहेब म्हणाले, बघा, मग वृद्धाश्रमानं घेतलं नाही त्यात काय बिघडलं? मी त्यांना म्हटलं, तुमच्या आईलाही वृद्धाश्रमात जायचं नाही, पण तिला तिथे घेणार नाहीत अशी पाटी लागली तर तुम्हाला चालेल का?

सध्या माझ्या टेबलावर शिष्यवृत्त्या देणाऱ्या एका न्यासाची फाइल आहे. दहावीनंतर शिकू बघणाऱ्या मुलामुलींना ते मदत करतात, हिशेब चोख आहे. आमच्या प्रश्नाच्या रकान्यात त्यांनी लिहिलंय, ‘अशी वेळ अद्याप आलेली नाही.’ त्यांच्या अर्जात मुलगा आणि मुलगी अशा दोनच चौकटी आहेत, आणि पालकांच्या सहीशिवाय अर्ज घेतला जात नाही. घरातून हाकललेलं पोर सही कुणाची आणणार? मी फोन केला. न्यासाच्या बाईंनी ऐकून घेतलं, तिसरी चौकट घालायला त्यांची हरकत नाही. पालकांच्या जागी शिक्षक किंवा ओळखीच्या संस्थेची सही चालेल का, हे त्या विश्वस्तांना विचारणार आहेत. दहावीचा निकाल लागायच्या आत फॉर्म छापून शाळांमध्ये जायला हवेत. जुने छापून झालेले रद्द करावे लागले तर नव्या छपाईचा खर्च आम्ही देऊ, असं मी आजच कळवलंय.